नानांची बंद मोटर

असोद्याच्या लीलाधर नानांनी बंद मोटर घेतली तेव्हा आसपासच्या दहा गावांत तशी दुसरी नव्हती. बाकीच्यांच्या मोटरी कापडी टपाच्या. पाऊस आला की बाजूचे पडदे बटणांनी अडकवायचे आणि तरीही मांड्या भिजायच्या. नानांच्या मोटरीला वर पत्रा होता आणि चारही बाजूंना काच. केळीचे दोन हंगाम चांगले गेले होते, साल एकोणीसशे सदतीस होतं, आणि नानांना आता धुळीतून कुठे जायचं नव्हतं.

ती चालवायला त्यांनी हिलालला ठेवलं. हिलाल धुळ्याकडचा. आठ वर्षं त्यानं धुळे-जळगाव उतारूंची सर्व्हिस मोटर हाकली होती. मालकानं ती विकली तेव्हा बायको भिकुबाईला घेऊन तो जळगावात एका खोलीत राहायला आला होता. मोटर त्याच्या हातात मऊ चालायची. नानांनाही ते दिसत होतं, पण कौतुक करणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

पहिली ठिणगी पडली फैजपूरच्या लग्नाला जाताना. बॉनेटच्या मागे, काचेच्या पुढ्यात, वारा आत घ्यायची एक झडप होती. पुढची काचही वरच्या बिजागरीवर होती, खालची कड चार बोटं बाहेर ढकलता यायची. उन्हाळा होता म्हणून हिलालनं दोन्ही उघडी ठेवली होती. फैजपूरला उतरले तेव्हा नानांच्या पांढऱ्या कोटावर धुळीचा थर होता आणि वधूपक्षातलं कोणीतरी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी पत्रेवाला बोलावला. झडपेवर पत्रा ठोकून घेतला, पुढच्या काचेच्या कडेला रबर घालून ती स्क्रूनं कायमची आवळली.

"नाना, असं करू नका," हिलाल म्हणाला. "वारा आत आला नाही तर थंडीत काचेवर वाफ धरेल. समोरचं दिसणार नाही."

"तू मोटर चालव," नाना म्हणाले. "मोटर कशी असावी ते मी पाहीन."

पावसाळ्यात थोडं थोडं जाणवलं, पण दिवाळी झाली, थंडी पडली आणि हिलाल म्हणाला होता तसंच झालं. सकाळी चार माणसं आत बसली, काचा वर केल्या, की मैलभरात पुढची काच दुधासारखी व्हायची. हिलालला सर्व्हिस मोटरीवरचे उपाय ठाऊक होते. कधी बटाटा कापून तो काचेवर चोळायचा, कधी ओली तंबाखू. त्यानं अर्धा तास निभायचा. नानांना तंबाखूचा वास आला आणि त्यांनी तेही बंद केलं. मग हिलाल आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली करायचा. काच लगेच निवळायची, पण नानांच्या मानेला गारठा लागायचा.

"वर कर ती काच."

"नाना, दिसत नाही."

"मागं आमच्या काचेला काही होत नही. तुह्याच पुढं वाफ का धरते? तुह्या तोंडाची वाफ आहे ती. तोंड उघडं टाकून श्वास घेतो जनावरासारखा."

मागच्या काचांवरही वाफ असायची, पण नाना त्या पुसून बाहेर बघायचे आणि विसरायचे. हिलालनं ते दाखवून दिलं तेव्हा नाना इतके चिडले की वाटेतच मोटर थांबवायला लावली. त्यांनी आपल्या गळ्यातलं जुनं उपरणं काढून त्याच्या मांडीवर टाकलं.

"तोंडावर बांध. नाकावरूनही घे. आजपासून बांधल्याशिवाय मोटरीत बसायचं नही."

शेजारी नानांच्या पत्नी पुष्पाबाई होत्या, पुढे पुष्पाबाईंचा भाऊ चुडामण होता. हिलालनं उपरणं बांधलं. काचेवर वाफ धरायची ती धरलीच. आता नानांचं म्हणणं असं की हा मुद्दाम कापड सैल बांधतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी एक केलं. हिलालच्या दाराची काच फिरवायची मूठ मळसूत्र सोडवून काढली आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली.

त्या संध्याकाळी भिकुबाईनं ओलं उपरणं दोरीवर पाहिलं.

"हाई काय शे?"

हिलालनं सांगितलं. चुलीत काटकी सारत ती म्हणाली, "सोडी दे ती नोकरी."

"दुसरी भेटली का सोडसू," तो म्हणाला. पण दुसरी त्यानं शोधली नाही. मोटर चांगली होती, आणि नानांपुढून आपण पळालो असं त्याला होऊ द्यायचं नव्हतं. हे तो बायकोला बोलला नाही.

जानेवारीत केळीची पानं काळी पडतील अशी थंडी पडली. त्याच आठवड्यात नानांना धुळ्याला सोयरिकीची बोलणी करायला जायचं होतं. मागे नाना, पुष्पाबाई आणि भाऊकीतले एक म्हातारे आबा. पुढे चुडामण, आणि त्याच्या न् हिलालच्या मधे आणखी एक काका दाटीवाटीनं बसवलेले. सहा माणसं, सगळ्या काचा वर. पहाटेच निघाले.

एरंडोलपर्यंत हिलालनं दोनदा मोटर उभी केली. खाली उतरून तोंडावरचं कापड सोडलं आणि दार उघडं ठेवून काच आतून पुसली. दुसऱ्यांदा नाना मागून ओरडले, "बोलणी दहाला आहेत! तुह्या पुसण्यापायी मी लोकांपुढं उशिरा जाऊ का?"

"नाना, मूठ द्या. दोन बोटं काच खाली करतो, मग कुठे थांबायला लागणार नाही."

"आता थांबला तर पगारातून नही, नोकरीतून जाशील."

पुष्पाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. बंद मोटरीत त्यांना दरवेळी मळमळायचं. त्यांनी एकदा फक्त म्हटलं, "द्या ना त्याला," आणि नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा काचेकडे तोंड करून बसल्या.

पारोळा मागे पडलं. सूर्य पाठीशी उगवला आणि समोरची काच एकदम पांढरीफटक झाली. हिलाल बाहीनं पुसायचा, हाताएवढं भोक पडायचं, आणि ते पुन्हा मिटून यायचं. चुडामणही रुमालानं पुसत होता. रस्ता उताराला लागला होता. इथे थांबायला हवं, हे हिलालला कळत होतं. त्याचा पाय ब्रेककडे गेलाही. पण मागून नाना खाकरले. हिलालनं पाय थोडा उचलला आणि मोटर सावकाश चालू ठेवली. उतार संपला की थांबू, असं त्यानं ठरवलं.

पुसलेल्या भोकात एकाएकी काहीतरी पांढरं उभं राहिलं. तो कापूस होता. हिलालनं ब्रेकवर सगळा भार टाकला, चाक वळवलं. मोटर कापसानं भरलेल्या बैलगाडीच्या कडेला घासत पुढे गेली आणि डावीकडच्या बैलाला लागून थांबली. गाडी एका बाजूला कलली, वरचे दोर तुटले आणि अर्धा कापूस रस्त्यावर आला.

गाडीवान धुरेवरून पडला होता. तो उठला तो सरळ हिलालच्या अंगावर आला. कपाळाला खरचटलं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

"डोया फुटनात का तुना? येवढा मोठा कापूसना ढीग दिसना नही तुले?" आणि मग बैलाकडे वळून तो किंचाळला, "पाय मोडी टाका रे मना बैलना!"

बैल बसला होता. पुढचा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला गेला होता. तो ओरडत नव्हता, नुसता फुरफुरत होता आणि नाकातून त्याची वाफ निघत होती. दुसरा बैल जू मोडून शेतात पळाला होता.

"माले दिसनं नही, भाऊ," हिलाल म्हणाला. "काचवर बठ्ठी वाफ व्हती."

"दिसनं नही ते गाडी उभी का करी नही?"

हिलाल मोडलेलं जू बाजूला ओढू लागला.

गाडीवानाचं नाव झुलाल. जवळच्याच गावचा, सरकी काढायला धुळ्याच्या जिनात कापूस घेऊन निघाला होता. थोड्या वेळानं शेतांतून माणसं जमली आणि ठाण्यावर जायचं ठरलं. मोटरीचा एक दिवा फुटला होता, मडगार्ड वाकलं होतं, पण ती चालत होती. बैलाजवळ एका माणसाला बसवलं. मोटरीच्या पायरीवर झुलाल उभा राहिला. हिलालनं आपलं दार उघडंच धरून, मान बाहेर काढून मोटर पारोळ्याला आणली. यावेळी नानांना मानेचा गारठा आठवला नाही. ते विचार करत होते.

त्यांनी काय विचार केला ते ठाण्यात कळलं.

"ड्रायव्हर दारू प्यायला होता," फौजदारापुढच्या खुर्चीवर बसून नाना म्हणाले. "वास येऊ नये म्हणून सकाळपासून तोंडाला कापड बांधून बसला. पाहा, अजून गळ्यात आहे."

हिलालचा हात आपोआप गळ्याकडे गेला. ते नानांचं उपरणं होतं. नाना इतक्या शांतपणे बोलले होते की हिलालला क्षणभर वाटलं, आपण खरंच प्यायलो असू.

"कापड तुम्हीच बांधायला लावलं, नाना!"

"मी? कशाला?"

फौजदार तरुण होता, घाटावरचा, आणि त्याला जबरदस्त सर्दी झाली होती. त्यानं हिलालला तोंड उघडून श्वास सोडायला लावला, पण त्याला कसलाच वास येईना. हवालदाराला सांगितलं. हवालदार जवळ आला, हुंगला आणि म्हणाला, "तंबाखू आहे साहेब. बाकी काही आहे का नाही, सांगता येत नाही." दारात गर्दी झाली होती. ठाण्याच्या ओट्यावर उभ्या असलेल्या हिलालच्या तोंडाजवळ एक परका माणूस नाक आणून हुंगतो आहे, हे सगळे बघत होते. झुलाल तर म्हणतच होता, "पिसन व्हई! पियेल शिवाय असा कोनी हाकस का?"

तेव्हा हिलालच्या मनातली भीती कुठेतरी गेली आणि नुसता राग उरला.

"साहेब," तो म्हणाला, "माझ्या तोंडच्या वाफेनं काच पांढरी होते, असं नानांचं तीन महिने म्हणणं आहे. म्हणून कापड. आता मी बाहेर उभा राहतो. हे सगळे जसे बसले होते तसे बसू द्या, काचा वर करा. काच साफ राहिली तर मला दारुड्या लिहा आणि आत टाका."

"हा कसला पोरखेळ!" नाना उठले. "मला धुळ्याला जायचंय."

"धुळं कुठे जात नाही," फौजदार नाक पुसत म्हणाला. "बसा, नाना. तेवढाच पंचनामा होईल."

मोटर ठाण्याच्या मागच्या सावलीत उभी होती. तिथे अजून ऊन आलं नव्हतं आणि बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून धूर निघत होता. नाना, पुष्पाबाई, चुडामण, आबा, काका असे पाचही जण आत बसले. नानांना हिलालच्या जागी, चाकापाशी बसवलं होतं. हिलालनं आपल्या फेट्याच्या शेवानं पुढची काच आतून बाहेरून कोरडी पुसली आणि बाहेरून दार लावलं.

सुरुवातीला नानांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, कपाळावरच्या शिरेसकट. ते हिलालकडे बघत होते आणि हिलाल त्यांच्याकडे. मग काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक मंद डाग उमटला. दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक. नानांनीही ते पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. गाल फुगले, मान लाल होत गेली, पण नाना श्वास घेईनात.

हिलालला तेव्हा कळलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे. आजच कळलं असंही नाही. कदाचित पहिल्या दिवसापासूनच ठाऊक होतं, आणि तरी त्यानं कापड बांधायला लावलं.

नानांना फार वेळ दम धरवला नाही. त्यांनी मोठ्यानं धाप टाकली आणि समोरच्या काचेवर त्यांच्या तोंडासमोरच वाफेचा मोठा गोळा उठला. चार-पाच मिनिटांत आतली माणसं दिसेनाशी झाली. नुसत्या सावल्या हलत होत्या. गर्दीतून कोणीतरी हसलं. फौजदार काचेजवळ गेला, बोटानं बाहेरून घासून पाहिलं, बोट कोरडंच राहिलं.

"लिहा," तो हवालदाराला म्हणाला. मग हिलालकडे वळला. "पण तुझ्या दाराची काच होती ना? ती खाली का नाही केलीस?"

"फिरवायची मूठ नाही, साहेब."

"कुठे गेली?"

हिलाल तोंड उघडणार तोच मागचं दार उघडलं. पुष्पाबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा घामानं आणि मळमळीनं पांढरा पडला होता. एका हातानं त्यांनी दार धरलं होतं.

"ह्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात आहे," त्या म्हणाल्या.

"तू गप्प बस," नाना आतून ओरडले.

"आता नही बसत. तीन महिने ओकारी दाबून बसली या पेटीत. मी मागितली तरी काच उघडली नही तुम्ही. हा दारू प्यायला नही साहेब. कापड ह्यांनीच बांधायला लावलं. माह्यासमोर."

चुडामण खाली मान घालून बहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला. नानांनी खिशातून मूठ काढून चाकापाशी आदळली. त्यांनी ती द्यायला हात पुढे केला नाही.

पुढचं फौजदारानं भराभर उरकलं. झुलालला त्याच्या बैलाच्या जोडीचा, त्याच वयाचा बैल नानांनी आठ दिवसांत द्यायचा, असं लिहून घेतलं. झडपेवरचा पत्रा आणि काचेचे स्क्रू काढून, हवालदारानं पाहिल्याशिवाय ती पारोळ्यातून हलणार नव्हती. मग तो हिलालला म्हणाला, "तू सुटलास असं समजू नको. समोरचं दिसत नव्हतं आणि तू चालवत राहिलास. मालक ओरडतो हे लायसन्सवर लिहिलेलं नसतं. तिथे तुझं नाव असतं." त्यानं लायसन्सवर तसा शेरा मारला. हिलालनं मान डोलावली.

बाहेर आल्यावर नानांनी टोपी नीट केली आणि जणू मधे काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "जा, पत्रेवाला बघ. तासाभरात निघू. अजून बोलणी होतील."

"मी येत नाही."

"मग मोटर कोण चालवील?"

हिलालनं गळ्यातलं उपरणं सोडलं, मोटरीची किल्ली त्यात ठेवली आणि दोन्ही ओट्यावर ठेवलं.

"खानदेशात कोणी तुले मोटरला हात लावू देणार नही," नाना म्हणाले. "पाहतोच मी."

"पाहा," हिलाल म्हणाला. पुष्पाबाई चुडामणबरोबर सर्व्हिस मोटरच्या थांब्याकडे निघाल्या होत्या, जळगावच्या बाजूला.

झुलाल तोवर धुळ्याच्या रस्त्याला लागला होता. हिलाल त्याच्या मागे निघाला. दहा-वीस पावलांवरून त्यानं हाक मारली तेव्हा झुलाल थांबला, पण वळला नाही.

"तू काब्र येस मना मांगे?"

"कापूस पडेल शे. येचाले."

"माले तुनी गरज नही."

हिलाल तरी चालत राहिला. तीन मैल दोघे असेच गेले, पुढे झुलाल, मागे हिलाल. पोचले तेव्हा बैलानं मान जमिनीला टेकवली होती आणि त्याचं फुरफुरणं थांबलं होतं. त्याच्याजवळ बसलेल्या माणसानं झुलालकडे पाहून नुसती मान हलवली. झुलाल बैलाच्या डोक्याशी बसला, त्याच्या शिंगांमधे हात ठेवून. हिलालनं फेटा सोडून रस्त्याच्या कडेला पसरला आणि कापूस वेचायला लागला.

वाटेवरून गेलेल्या गाड्यांची चाकं त्यावरून गेली होती. कापसात खडे होते, गवताच्या काड्या होत्या, मोटरीच्या दिव्याच्या काचेचे बारीक कण होते. हिलालनं दुपारपर्यंत एकेक पुंजका उचलून झटकला. बोटं कापली, ती त्यानं धोतराला पुसली. झुलालचा भाऊ बैल घेऊन आला आणि दोघांनी गाडी सरळ केली. हिलालनं भरलेलं पहिलं गाठोडं उचलून झुलालपुढे नेलं.

झुलालनं त्यात हात घातला, मूठभर कापूस काढला आणि उन्हात धरून पाहिला. मग सगळं गाठोडं पुन्हा जमिनीवर उलटं केलं.

"यामा माटी शे," तो म्हणाला. "परत येच."

हिलाल खाली बसला आणि परत वेचू लागला.